काशीस जावे, पण दुपारी बारानंतर

जानेवारीतला मुंबईचा दिवस. ऊन स्वच्छ, घाम नाही, पावसाचं नाव नाही. अशा दिवशी चार आसनांचं छोटं विमान घेऊन जुहूवरून वाराणसीला निघालेला माणूस दोन-दोन दिवस हँगरच्या दारात चहा पीत बसतो, हे ऐकलं की लोकांना गंमत वाटते. पावसाळ्यात विमान अडकलं तर कळतं. वादळ दिसतं, वीज दिसते. हिवाळ्यात अडवणारी गोष्ट दिसतच नाही, किंबहुना काहीच न दिसणं हीच ती गोष्ट असते.

'काशीस जावे नित्य वदावे' म्हणणारे आपल्याकडे पुष्कळ. प्रत्यक्ष जायचं, तेही छोट्या विमानाने आणि पौषात, तर हवामान पाहून बेत कसा आखतात ते इथे सांगतो. वैमानिक नसलात तरी हरकत नाही. नकाशा आणि घड्याळ वाचता आलं की पुरे.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, कारण बाकी सगळं तिच्याभोवती फिरतं. उन्हाळ्यात आपण निघायची वेळ ठरवतो आणि पोहोचायची वेळ आपोआप ठरते. हिवाळ्यात उलटं करायचं. पोहोचायच्या ठिकाणी धावपट्टी किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत दिसणार आहे ते आधी शोधायचं, आणि तिथून मागे मागे येत जुहूची वेळ काढायची.

डोळ्यांनी उडवायचं विमान

सेसना १७२ सारखं विमान बहुतेक वेळा व्हीएफआर नियमांनी उडवतात. म्हणजे वैमानिक बाहेर बघून उडवतो : क्षितिज, नदी, डोंगर, रेल्वेचा रूळ, समोरून येणारं दुसरं विमान. त्यामुळे नियम दिसण्याबद्दलचे आहेत. दहा हजार फुटांखाली किमान ५ किलोमीटरपर्यंत दिसलं पाहिजे, ढगापासून आडवं १५०० मीटर आणि उभं १००० फूट अंतर राखलं पाहिजे. नियंत्रित विमानतळावर उतरायचं किंवा तिथून निघायचं तर ढगाचा तळ १५०० फुटांच्या वर हवा. आपल्या देशात आणखी एक अट आहे. सूर्यास्तानंतर वीस मिनिटांनी व्हीएफआरचा दिवस संपतो आणि दुसऱ्या दिवशी सूर्योदयाच्या वीस मिनिटं आधी उजाडतो. स्थानिक आणि प्रशिक्षणाच्या उड्डाणांना एटीसी, म्हणजे हवाई वाहतूक नियंत्रण कक्ष, सवलत देऊ शकते, पण मुंबई ते काशी हे काही स्थानिक उड्डाण नव्हे.

मग दिल्लीला ५० मीटर दृश्यमानतेत मोठी विमानं कशी उतरतात? त्यांच्याकडे कॅट-थ्री बी प्रकारची यंत्रणा असते, धावपट्टीवर तिला जोडीदार यंत्रणा असते आणि दोन्ही वैमानिकांनी त्याचं खास प्रशिक्षण घेतलेलं असतं. या तिघांतलं एकही आपल्या सेसनाकडे नाही. इन्स्ट्रुमेंट रेटिंग, म्हणजे बाहेर न बघता उपकरणांवर उडवण्याची पात्रता, असलेला वैमानिक ढगांतून जाऊ शकतो, विरळ धुरक्यातून उतरूही शकतो. पण ३०० मीटरच दिसतंय अशा धुक्यात तोही आपल्याइतकाच हतबल असतो.

आधी मुंबईतून तर बाहेर पडा

मुंबईत धुकं क्वचित, धुरकं रोज. हिवाळ्यात रात्री वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. शहरावरची धूळ, बांधकामांची माती, वाहनांचा धूर, सगळं घेऊन तो संथपणे पश्चिमेला सरकतो. त्यातच पहाटे जमिनीलगतची हवा थंड आणि काहीशे फुटांवरची हवा उबदार, असा उलटा थर बसतो. नेहमी वर जाऊ तशी हवा गार होते, इथे ऊब वर असते. थंड हवा जड, ती वर उठत नाही, आणि तिच्यातली धूळही मग उठत नाही. सकाळी आठ वाजता वांद्रे-वरळी सागरी सेतूचे खांब माहीमच्या किनाऱ्यावरून राखाडी रेघांसारखे दिसतात, ते याच थरातून. जुहूची दृश्यमानता अशा वेळी दोन-अडीच किलोमीटर सहज असते. ऊन तापलं, समुद्रावरून वारा सुरू झाला की थर फुटतो. हिवाळ्यात हा सागरी वारा दुपारकडेच झुकतो. त्यामुळे 'पहाटे लवकर निघू' हा एसटीच्या प्रवासाचा शहाणपणा इथे चालत नाही. साडेदहा-अकरा ही जुहूहून निघायची खरी वेळ.

जुहूचा विमानतळ १९२८चा. १५ ऑक्टोबर १९३२ला जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे पस मॉथ विमानाने टपाल घेऊन इथेच उतरले. पावसाळ्यात मैदान पाण्याखाली जायचं, म्हणून तेव्हा टपालाचं विमान पुण्याला हलवावं लागे. तेव्हापासून जुहूची ओळख कोरड्या मोसमातला तळ अशीच होती. आज तिथे हेलिकॉप्टरांची गर्दी जास्त, आणि बॉम्बे फ्लाइंग क्लबचं विमान शिकवण्याचं काम धुळ्याला गेलं आहे. शिवाय सांताक्रूझचा मोठा विमानतळ अगदी खेटून. त्यामुळे निघाल्यावर किती उंचीवर आणि कुठल्या दिशेने जायचं यात आपली मर्जी चालत नाही. एटीसी सांगेल तसं, खाली राहून, मुंबईबाहेर पडायचं.

उड्डाणाआधी फ्लाइट प्लॅन भरायचा, हवाई दलाकडून एडीसी, म्हणजे हवाई संरक्षणाच्या परवानगीचा, क्रमांक घ्यायचा, उड्डाण माहिती केंद्राकडून एफआयसी क्रमांक घ्यायचा. हे दोन आकडे नसतील तर विमान हलत नाही. प्रत्येक तळाचे नोटॅम, म्हणजे तिथल्या तात्पुरत्या सूचना, वाचायच्या. छोट्या विमानतळांवर एटीसी ठरावीक तासच चालू असतं, ते तास हिवाळ्यात आपल्या गणिताचा भाग होतात. २६ जानेवारीच्या आसपास दिल्लीच्या हवाई हद्दीत निर्बंध येतात. आपण तिकडे जात नसलो तरी मोठ्या विमानांचे मार्ग त्यामुळे बदललेले असतात.

उत्तरेचं धुकं कसं बनतं

आता मुख्य प्रकरण. गंगेच्या मैदानातलं धुकं हा डिसेंबर-जानेवारीतला रोजचा व्यवहार आहे. रात्री आकाश निरभ्र असेल तर जमीन उष्णता झरझर गमावते. तिला चिकटलेली हवा गार होत जाते. हवेत वाफ असतेच. कालवे आणि कूपनलिकांच्या पाण्यावर गहू-मोहरीची शेतं ओली असतात, नद्या आहेत, तळी आहेत. हवा एका ठरावीक तापमानाला पोहोचली की तिला वाफ धरून ठेवता येत नाही. ते तापमान म्हणजे दवबिंदू. मग धुराच्या आणि धुळीच्या कणांवर पाण्याचे थेंब बसतात आणि धुकं तयार. धूर जितका जास्त तितके कण जास्त. वाराही नेमकाच लागतो. अगदी पडला तर नुसतं दव पडतं. दोन-पाच नॉटची (एक नॉट म्हणजे तासाला एक नॉटिकल मैल, सुमारे १.८५ किलोमीटर) झुळूक असेल तर गारवा थोडा वरपर्यंत मिसळतो आणि धुक्याला जाडी येते. जोराचा वारा मात्र त्याला उडवून लावतो.

यात एक फसवी गोष्ट आहे. सूर्य उगवला म्हणजे धुकं हटायला लागलं असं वाटतं. प्रत्यक्षात पहिल्या अर्ध्या-पाऊण तासात ते बऱ्याचदा वाढतं, कारण कोवळ्या उन्हाने हवा जराशी ढवळली जाते आणि खालची ओल वर पसरते. नंतर हळूहळू विरळ होतं, दहा-अकरापर्यंत उठतं. काही दिवस उठून नुसतं वर लटकतं : जमिनीपासून पाच-सातशे फुटांवर राखाडी ढग, दिवसभर. खालच्यांना वाटतं धुकं गेलं, आपल्याला मात्र ढगाच्या तळाचा १५०० फुटांचा नियम आठवतो.

याला हलवणारी शक्ती म्हणजे पश्चिमी विक्षोभ. भूमध्य समुद्राकडून इराण-अफगाणिस्तानमार्गे येणारे हे कमी दाबाचे पट्टे हिवाळ्यात दर काही दिवसांनी उत्तर भारतावरून सरकतात. येताना ढग आणतात, रात्रीचं तापमान चढतं, पंजाबात पाऊस आणि हिमालयात बर्फ पडतो. या काळात धुकं कमी असतं. पट्टा पुढे सरकला की आकाश मोकळं होतं, जमीन ओली असते, वारा पडतो आणि उत्तरेचा गारवा खाली येतो. धुक्याला हवं ते सगळं एकदम हजर. म्हणून बातम्यांत 'उत्तर भारतात पाऊस थांबला, आकाश निरभ्र' असं ऐकलं की घरच्यांना आनंद होतो आणि वैमानिक कपाळाला हात लावतो.

धुकं पाहायचं सगळ्यात चांगलं साधन म्हणजे इन्सॅट मालिकेतल्या उपग्रहांची छायाचित्रं. भारतीय हवामान विभाग ती दर अर्ध्या तासाने देतो. सकाळी नऊच्या चित्रात हिमालयाच्या पायथ्यापासून खाली विंध्याच्या कड्यापर्यंत दुधट, गुळगुळीत पट्टा दिसतो. ढगांसारखा गुठळ्यांचा नाही, सपाट. दोन-तीन दिवसांची चित्रं एकापुढे एक ठेवली की पट्ट्याची दक्षिणेची कड कुठवर येते आणि किती वाजता मागे सरते ते कळतं. बेताच्या दृष्टीने ही कड फार महत्त्वाची.

मेटार वाचायला शिका

प्रत्येक मोठ्या विमानतळाचं ताजं हवामान एका ओळीत येतं, तिला मेटार म्हणतात. समजा वाराणसीची ओळ अशी आहे (हा नमुना आहे, खऱ्या दिवसाचा नाही) :

व्हीईबीएन ०५०३३०झेड ०००००केटी ०३०० एफजी ०९/०९ क्यू१०१८

व्हीईबीएन हे वाराणसीचं सांकेतिक नाव. पाच तारीख, वेळ ०३३०, पण ही ग्रिनिचची. त्यात साडेपाच तास मिळवा, म्हणजे आपले सकाळचे नऊ. वारा शून्य. दृश्यमानता ३०० मीटर. एफजी म्हणजे धुकं. बीआर असेल तर विरळ धुकं, एचझेड म्हणजे धुरकं, एफयू म्हणजे धूर. क्यू१०१८ हा हवेचा दाब, तो उंचीमापकात लावायचा.

माझी नजर मात्र आधी ०९/०९ वर जाते. पहिला आकडा तापमान, दुसरा दवबिंदू. दोन्ही सारखे, म्हणजे हवा काठोकाठ भरली आहे. आता दुपारी बाराची ओळ पाहा : ०५०६३०झेड २७००४केटी २५०० एचझेड १६/१०. तापमान सोळावर गेलं, दवबिंदू दहा. सहा अंशांची फट पडली, पश्चिमेकडून चार नॉट वारा सुटला, धुक्याचं धुरकं झालं. दुपारी दोनला १९/०९ असं आलं तर फट दहाची. संध्याकाळी पाचला ती पुन्हा मिटायला लागेल. ही फट उघडायची आणि मिटायची वेळ म्हणजे तुमची खिडकी.

एक वही करा. निघायच्या आधी तीन-चार दिवस मार्गावरच्या तळांची दृश्यमानता किती वाजता ५ किलोमीटरच्या वर गेली आणि कधी परत खाली आली ते लिहा. उच्च दाबाच्या स्थिर हवेत उद्याचा दिवस बराचसा आजच्यासारखा असतो, त्यामुळे ही वही कुठल्याही अॅपपेक्षा जास्त उपयोगी पडते. पश्चिमी विक्षोभ आला की मात्र जुनी पानं बाद.

आणि या वहीत एक कटू गोष्टही उमटेल. वाराणसीत असे दिवस येतात की दुपारी दोनलाही ५ किलोमीटर होत नाही. वहीत तीन दिवस तसंच दिसलं तर चौथ्या दिवसाच्या आशेवर विमान काढू नका. महानगरी एक्स्प्रेस आहे. तीही धुक्यात उशिरा पोहोचेल, पण पोहोचेल.

घड्याळाचं गणित

आता आकडे मांडू. जुहू ते वाराणसी सरळ रेषेत साधारण ६७५ नॉटिकल मैल, म्हणजे साडेबाराशे किलोमीटर. सेसना १७२ चा वेग ११० नॉट धरू. नुसत्या उडण्याचे सहा तास लागतात. पेट्रोलसाठी आणि कागदपत्रांसाठी थांबे धरले की आठ-साडेआठ. सकाळी साडेदहाला निघालं तर संध्याकाळचे सात वाजले. इकडे डिसेंबरच्या अखेरीस वाराणसीचा सूर्य सव्वापाचच्या सुमारास मावळतो, मुंबईच्या जवळजवळ पन्नास मिनिटं आधी. आपण पूर्वेला उडतो तेव्हा अंधार आपल्याकडे धावत येत असतो. एका दिवसात हा प्रवास होत नाही, मग विमान कितीही चांगलं असो.

म्हणून मुक्काम भोपाळला. पहिल्या दिवशी जुहू ते इंदूर २७५ नॉटिकल मैल, अडीच तास. दुपारी एकला इंदूर. पोहे खा, टाकी भरा, अडीचला निघून पन्नास मिनिटांत भोपाळ. दिवस हातात आहे, घाई नाही.

या पहिल्या टप्प्यात सह्याद्री लागतो. जुहूहून इंदूरची सरळ रेघ बागलाणातून, साल्हेर किल्ल्याच्या पूर्वेकडून जाते. साल्हेर १५६७ मीटर, सुमारे ५१४० फूट. पूर्वेकडे जाणाऱ्या व्हीएफआर विमानाला ५५००, ७५००, ९५०० अशा उंची मिळतात. यातली ७५०० घ्या. हिवाळ्यात सकाळी घाटावरचा वारा बहुधा पूर्वेकडून असतो. हा वारा कड्यावरून कोकणाच्या बाजूला खाली घसरतो आणि आपण नेमके त्याच बाजूने, कोकणातून वर चढत येत असतो. विमान नाक वर करून चढतंय आणि उंचीमापकाचा काटा मात्र जागचा हलत नाही, असा अनुभव इथे येतो. म्हणून उंची वसई-जव्हारवरच कमवून ठेवायची, कड्यापाशी चढत बसायचं नाही. कडा सरळ काटकोनात न ओलांडता तिरकस जायचं. हवा फार खाली ओढायला लागली तर अर्धं वळण घेऊन सखल भागाकडे परत येता येतं. वारा जोराचा नसेल त्या दिवशी यातलं काहीच जाणवत नाही, साल्हेरचा माथा डावीकडून शांतपणे सरकतो आणि प्रवासी फोटो काढत बसतात.

दुसरा दिवस अवघड. भोपाळ ते वाराणसी सरळ ३३० नॉटिकल मैल, तीन तास. टाकीत वापरता येण्याजोगं पेट्रोल २०० लिटर, खप तासाला ३४ लिटर. सरळ जाता येतं. पण गेलात आणि वाराणसी बंद मिळालं तर?

इथे बहुतेक नवे वैमानिक पर्यायी तळ म्हणून प्रयागराज लिहितात, कारण ते जवळ आहे. नकाशावर जवळ खरं, पण ते त्याच दुधट पट्ट्यात आहे. लखनौ, गोरखपूर, पाटणा, सगळे त्याच पांघरुणाखाली. वाराणसी बंद असेल त्या वेळी हेही बंद असण्याचीच शक्यता जास्त. हिवाळ्यात पर्यायी तळ पुढे शोधायचा नाही, आपण आलो त्या बाजूला, धुक्याच्या कडेबाहेर शोधायचा.

म्हणून मी मध्ये खजुराहोला उतरायचं म्हणतो. भोपाळहून १६८ नॉटिकल मैल, दीड तास. तिथून वाराणसी आणखी १६४, तोही दीड तास. तास-सव्वा तास जादा जातो, पण वाराणसीचा निर्णय जमिनीवर बसून, ताजा मेटार वाचून घेता येतो. खजुराहोलाही धुकं पडतं, पण ते पट्ट्याच्या कडेला आहे.

पेट्रोल तपासू. भोपाळला २०० लिटर. सुरुवातीला जमिनीवरून धावपट्टीपर्यंत जायला आणि चढाईला १० गेले, राहिले १९०. खजुराहोपर्यंत ५१, राहिले १३९. पुन्हा सुरू करून चढायला ८, राहिले १३१. वाराणसीला जाऊन, न उतरता खजुराहोला परत यायला तीन तास, १०२ लिटर. शिल्लक २९ लिटर, म्हणजे पन्नास मिनिटं. दिवसाच्या व्हीएफआरसाठी अर्ध्या तासाचा साठा राखायचा असतो, तेव्हा नियमात बसतं. पण वाराणसीवर 'बघू, जरा वेळात उठेल' म्हणत वीस मिनिटं घिरट्या घातल्या की ही शिल्लक अर्ध्या तासावर येते. घिरट्यांना या गणितात जागाच नाही. धावपट्टी दिसली तर उतरायचं, नाहीतर लगेच वळायचं.

आणखी एक. एवढं पेट्रोल भरलं की त्याचं वजनच १४४ किलो होतं. विमानाचं कमाल वजन ११५७ किलो, रिकामं विमान पावणेआठशेच्या आसपास. उरलं जेमतेम दोनशे चाळीस. आसनं चार असली तरी माणसं तीनच, आणि बनारसी साड्यांची खरेदी कुरिअरने पाठवायची.

छोट्या विमानांना लागणारं पेट्रोल, अॅवगॅस, सगळीकडे मिळत नाही. मोठ्या विमानांचं इंधन वेगळं, ते रॉकेलच्या जातीचं. अॅवगॅस २०२२ पर्यंत आयात व्हायचं, आता इंडियन ऑइलच्या गुजरातमधल्या रिफायनरीत बनतं, तरी अनेक तळांवर ते आधी सांगून पिंपातून मागवावं लागतं. भोपाळला मिळेलच असं गृहीत धरू नका, फोन करून पिंप राखून ठेवा. वरचं गणित खजुराहोला पेट्रोल मिळणार नाही असं धरूनच केलं आहे.

वरून दिसतं, समोरून दिसत नाही

दुसऱ्या दिवशी साडेनऊला भोपाळ सोडलं, अकराला खजुराहो, सव्वाबाराला पुन्हा हवेत, पावणेदोनला वाराणसी. खिडकीच्या बरोबर मध्यावर. ७५०० फुटांवर वर निळं आकाश, खाली तपकिरी थर आणि त्याची वरची कड पट्टीने आखल्यासारखी. खाली पाहिलं तर गंगा दिसते, पूल दिसतो, वाळूचा पट्टा दिसतो. मग एटीसी दृश्यमानता ५ किलोमीटरच का सांगतंय, असा प्रश्न पडतो.

कारण सरळ खाली पाहताना नजर त्या थरातून उभी जाते, फक्त चार-पाच हजार फूट. धावपट्टीकडे उतरताना नजर तिरकी जाते आणि त्याच थरातून कित्येक किलोमीटर कापते. वर असताना दिसणारी धावपट्टी उतरायला लागल्यावर गायब होते. वरून सगळं दिसतंय म्हणून खाली उतरणं आणि मग काहीच न दिसणं, हा हिवाळ्यातला जुना सापळा आहे. मेटारच्या आकड्यावर विश्वास ठेवायचा, विमानाच्या खिडकीतून दिसतं त्यावर नाही.

बर्फ पडत नाही, पण जमतो

मुंबईकराला विमानावर बर्फ म्हटलं की युरोप आठवतो. पण जुन्या सेसनांच्या इंजिनात कार्ब्युरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग, असतो आणि त्यात बर्फ जमायला बाहेर शून्य अंश लागत नाहीत. पेट्रोल उडून वाफ होताना उष्णता घेतं. हातावर सॅनिटायझर घेतल्यावर गार वाटतं तसं. शिवाय अरुंद नळीतून जाताना हवा आणखी गार होते. दोन्ही मिळून तापमान वीस अंशांहून अधिक उतरू शकतं. बाहेर १८ अंश आणि हवा दमट असेल तर नळीच्या आत पाणी गोठतं. इंजिनाचे फेरे हळूहळू कमी होतात, आवाज जरासा बदलतो. उतरताना इंजिन मंद केलेलं असतं तेव्हा धोका सर्वांत जास्त. यावर उपाय म्हणजे कार्ब हीट : एक खुंटी ओढली की एक्झॉस्टवर तापलेली हवा आत जाते. ओढल्यावर इंजिन क्षणभर जास्तच खाकरतं, कारण वितळलेलं पाणी आत जातं. नवखा घाबरून खुंटी परत ढकलतो, ती ढकलायची नाही. १९९६ नंतरच्या १७२ मध्ये इंधन फवारणारी इंजिनं आली, त्यांना हा त्रास नाही. आपलं विमान कोणतं ते निघण्याआधी बघा.

पंखांवरचा बर्फ मात्र पश्चिमी विक्षोभाच्या ढगात खरोखर जमतो. दर हजार फुटांना तापमान साधारण दोन अंशांनी उतरतं. जमिनीवर १२ अंश असतील तर सहा हजार फूट वर शून्य. त्या उंचीवर ढग असेल तर आत जायचं नाही. छोट्या विमानात तो बर्फ काढायची सोय नसते.

भोपाळला रात्री विमान उघड्यावर उभं राहतं. सकाळी पंखांवर दव असतं, कडाक्याच्या थंडीत त्याचं हिम होतं. सॅंडपेपरएवढा खरखरीत थरही पंखाची उचल कमी करतो. तो पुसूनच निघायचं, वाऱ्याने उडेल म्हणायचं नाही. टाकी रात्री भरून ठेवायची, अर्धी रिकामी टाकी रात्रभर वाफ धरते आणि सकाळी पाणी देते. टाकीच्या तळाचा ड्रेन उघडून काचेच्या भांड्यात पेट्रोल काढायचं. अॅवगॅस फिकट निळं असतं, पाणी असलं तर तळाशी रंगहीन थेंब गोळा होऊन थरथरतो. थेंब दिसणं थांबेपर्यंत काढत राहायचं. हे काम कोणावर सोपवायचं नाही.

थंडीचा फायदाही सांगायला हवा. गार हवा दाट असते, इंजिन आणि पंख दोघांना मानवते. मे महिन्यात इंदूरहून रखडत चढणारं विमान जानेवारीत चटकन वर जातं, आणि दुपारी गचके कमी.

माझं मत विचाराल तर मी ही सहल फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात करेन, महाशिवरात्रीच्या आगेमागे. धुक्याचा मोसम संपत आलेला असतो, दिवस मोठा झालेला असतो आणि हवा अजून गार असते. त्या वेळी विदर्भ-मध्य प्रदेशात अवकाळी गारपिटीवर लक्ष ठेवावं लागतं. पण गारांचा ढग निदान दिसतो तरी.

परतीचा प्रवास सोपा वाटतो, कारण मुंबईकडे येताना हवामान सुधारत जातं. त्यात एकच खोच आहे. आपण नैर्ऋत्येला उडत असतो आणि दुपारनंतर सूर्य नेमका तिकडेच कलतो. धुरक्यात सूर्याकडे तोंड करून पाहिलं की पाठीमागे पाच किलोमीटर दिसणारी हवा समोर दोन किलोमीटरही दिसू देत नाही. जुहूला तोवर सागरी वारा सुरू झालेला असतो, त्यामुळे उतरायला २६ क्रमांकाची धावपट्टी मिळते. म्हणजे शेवटची काही मिनिटं बरोबर पश्चिमेकडे तोंड, समोर अरबी समुद्रावर झुकलेला सूर्य आणि मधे सगळं शहर. म्हणून परतीच्या दिवशी इंदूर साडेबाराच्या आत सोडायचं आणि साडेतीनपर्यंत, सूर्य अजून वर असताना, जुहूला चाकं टेकवायची. तसं जमणार नसेल तर इंदूरलाच रात्र काढायची, सराफ्यात जेवण चांगलं मिळतं.